आधी आडनाव, मग स्वल्पविराम

सुदर्शन औताडे माणसांना सरळ नावानं हाक मारत नसे. मी सरिता बोर्डे. माझं थेसिस बांधायचं दुकान त्याच्या दुकानाला लागून, मधे एका विटेची भिंत. सकाळी शटर वर गेलं की भिंतीपलीकडून आवाज यायचा, "बोर्डे, सरिता, चहा सांगू का?" बोर्डेनंतर तो खरोखर थांबायचा. तो स्वल्पविराम होता. बायकोचा फोन आला तरी तेच, "बोला, औताडे, तनुजा." तनुजा रोज वैतागायची आणि ह्याला रोज गंमत वाटायची.

विद्यापीठ गेटच्या अलीकडे, बेगमपुऱ्याच्या अंगाला आमची ही दोन दुकानं. त्याच्या पाटीवर 'औताडे टायपिंग व थेसिस सेटिंग', माझ्या पाटीवर 'शिवम बाइंडिंग'. शिवम माझा मुलगा. तो पुण्याला नोकरी करतो आणि खळीचा ब्रश त्यानं जन्मात हातात धरलेला नाही. तरी नवीन गिऱ्हाईक आलं की विचारतं, "शिवमभाऊ आहेत का?" पूर्वी मला राग यायचा. आता मी सांगते, शिवमभाऊ जेवायला गेलेत, काम मला सांगा.

सुदर्शन मूळचा गंगापूर तालुक्यातला. आधी वाळूजच्या एका कंपनीत स्टोअरला होता. तिथं प्रत्येक नटाला खाना, प्रत्येक खान्याला चिठ्ठी. ते काम त्याला इतकं आवडायचं की कंपनीनं माणसं कमी केली तेव्हा पगार गेल्यापेक्षा ते खाने सुटल्याचं दुःख त्याला जास्त झालं, असं तनुजा सांगते. मग टायपिंग शिकून त्यानं हे दुकान टाकलं. एकदा विद्यापीठाच्या ग्रंथालयात प्रिंटर बघायला म्हणून गेला, तिथं कार्यशाळा चालली होती, हा मागच्या बाकावर टेकला आणि झोटेरो शिकून आला. त्या दिवसापासून त्याचे खाने त्याला परत मिळाले.

झोटेरो म्हणजे काय, हे त्यानं मला इतक्या वेळा सांगितलंय की मी झोपेतही सांगेन. वाचलेलं प्रत्येक पुस्तक, प्रत्येक लेख त्यात ठेवायचा. लेखकाचं आडनाव एका रकान्यात, नाव दुसऱ्या. थेसिस लिहिताना बटण दाबलं की वाक्याच्या शेवटी कंसात आडनाव आणि साल येऊन बसतं, आणि शेवटची संदर्भसूची आपोआप तयार होते. गाईडनं पद्धत बदलायला सांगितली की दुसरं बटण, सगळी सूची एका झटक्यात पालटते. आणि हे सगळं फुकट. चोरीचं नव्हे, बनवणाऱ्यांनीच फुकट ठेवलेलं.

"फुकट हाय म्हणजे फालतू नाय, ताई," तो म्हणायचा. कुणी पोरगं लॅपटॉप घेऊन आलं की आधी त्यात झोटेरो चढवून द्यायचा, त्याचे पैसे घ्यायचा नाही. "भाई, बस बिब्लिओग्राफी कर दो, कल सबमिशन है," म्हणत घायकुतीला आलेलं पोरगं तासाभरानं स्वतःच बटणं दाबत बसलेलं असायचं. शहराचं नाव बदललं तेव्हा पोरं विचारायला आली, जुन्या पुस्तकांच्या संदर्भात गाव कोणतं लिहायचं? सुदर्शन म्हणाला, "पुस्तकावर जे छापलंय ते. छापलेलं आपण बदलत नसतो." मला तेव्हा त्याचा थोडा अभिमानही वाटला होता.

एकच खोड होती. तो मजकूर वाचायचा नाही. तीनशे पानांच्या थेसिसमधे नेमकं चुकलेलं टिंब त्याला दिसायचं, पण थेसिस कशावर आहे विचारलं तर शीर्षक बघून सांगायचा. मी एकदा म्हटलं, "अरे, निदान एखादं पान वाच की." तर म्हणे, "वाचत बसलो तर कंस कोण बघणार?"

त्याच्याकडे दीपमाला दाभाडे यायची. ही वैजापूरच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायची आणि पीएचडी करत होती. विषय होता गंगापूर तालुक्यातल्या कापूस वेचणाऱ्या बायका. तिची आई आणि आजी दोघीही पऱ्हाटीतच राबलेल्या, त्यामुळे तिला विषय शोधावा लागला नव्हता. गावोगाव जाऊन तिनं बायकांना बोलतं केलं आणि ते सगळं रेकॉर्ड केलं. गाईडनी सांगितलं, नावं नको, 'माहिती देणारी क्रमांक अमुक' असं लिहा. दीपमाला अडून बसली. ती गाईडना म्हणाली, सर, ह्या बायकांना मी शब्द दिलाय. शेवटी गाईड हरले आणि खरी नावं ठेवायची असं ठरलं.

तो शब्द सगळ्यात आधी मागितला होता साळूबाईनं. साळूबाई सुदर्शनची सख्खी आत्या. "माझी आत्या बोलंल," असं म्हणून त्यानंच दीपमालाला तिच्याकडे पाठवलं होतं. सुदर्शनची आई तो लहान असताना गेली. त्याच सुमाराला साळूबाईच्या नवऱ्यानं, रामकिसननं, वैजापूरला दुसरं घर केलं आणि साळूबाई माहेरी परत आली. भावाचा पोर तिनं वाढवला. दुसऱ्याच्या शेतात कापूस वेचला आणि ह्याला शाळेत घातलं. हे सुदर्शन सगळ्यांना सांगायचा, अगदी कौतुकानं सांगायचा.

दीपमालानं साळूबाईला नंबराचं सांगितलं, तेव्हा ती म्हणाली होती, "नंबर मोंढ्यात कापसाच्या गाडीला देत्यात. माझं नाव घालणार आसशील तर बोलते. नायतर चहा पी आन् जा."

पूर्ण नाव काय, असं दीपमालानं विचारलं की बायका रेशनकार्ड पुढं करायच्या. नवऱ्याचं नाव तोंडानं कुठं घ्यायचं? साळूबाई तर ते नाव आधी रीत म्हणून घेत नव्हती आणि नंतर किळस म्हणून. दीपमालानं कार्डावरून जसंच्या तसं उतरवून घेतलं: पठाडे साळूबाई रामकिसन. आधी आडनाव, मग बाईचं नाव, मग नवऱ्याचं. शाळेच्या दाखल्यापासून मतदार यादीपर्यंत आपल्याकडे हाच क्रम. सगळ्या बायकांची अशी एक यादी करून तिनं ती सुदर्शनला दिली.

शेवटच्या आठवड्यात दीपमालाची आई दवाखान्यात होती. तिनं थेसिस सुदर्शनवर सोडला. मजकुरात जागोजागी 'साळूबाई सांगतात', 'मनकर्णाबाई म्हणाल्या' असं होतं. सुदर्शन म्हणाला, "मॅडम, नाव दोनदा कशाला? खाली कंस येतोच. पानं बी कमी होतील." पानांची मर्यादा ओलांडली होतीच. दीपमाला बरं म्हणाली. त्यानं सगळी वाक्यं छाटली, कंस टाकले, बटण दाबलं. मी बांधणी केली, पाठीवर सोनेरी अक्षरं उठवली. थेसिस गेला, तोंडी परीक्षा झाली, दीपमाला डॉक्टर झाली. परीक्षकांनी संदर्भसूचीचं खास कौतुक केलं म्हणून सुदर्शननं दोन्ही दुकानांत पेढे वाटले.

मग तो माझ्याकडे आला. "ताई, एक कॉपी लाल कापडात बांधा. आत्याला द्यायचीय." इतक्या वर्षांत त्यानं माझ्याकडे स्वतःसाठी काही मागितलं नव्हतं. मी चांगलं जाड कापड काढलं आणि लाल रेशमी खूणदोरी लावली. दीपमालाला तास होते, ती येऊ शकत नव्हती. सुदर्शन म्हणाला, तुम्ही चला, पुस्तक तुमच्या हातचं आहे. आम्ही एसटीनं गंगापूरला गेलो आणि तिथून जीपनं गावात.

साळूबाई ओसरीवर बसली होती. बारीक, काळीसावळी, डोळे मात्र लख्ख. डाव्या मनगटाच्या वर एक कापडी पट्टी घट्ट बांधलेली. सुदर्शन म्हणाला, ती कायम असते, वेचणीनं हात भरून येतो तिचा. आमच्यासाठी तिनं आधीच घोंगडी टाकून ठेवली होती. पुस्तक हातात घेतल्यावर तिनं पदराला हात पुसले, मग परत पुसले.

"माझं कुठं हाय?" ती म्हणाली. "वाच."

सुदर्शननं खूणदोरीचं पान उघडलं. मी त्याच्या शेजारीच बसले होते, पान मलाही दिसत होतं. तो मोठ्यानं वाचायला लागला.

"'बोंडाचं टोक बोटात शिरतं. दिवसभर कळत नाय. सांजच्याला भाकर थापायला बसलं की पिठाला रगत लागायचं. पोरगं ताटावर बसलेलं. म्हणायचं, आत्या, आज भाकरीत तिखट घातलं का? मी व्हय म्हणायचे. पोरगं आवडीनं खायचं.'"

त्याचा आवाज मधेच बसला. ते पोरगं तो स्वतः होता. हे पान त्याच्या हाताखालून कितीदा गेलं असेल, समास नीट केले असतील, टिंबं लावली असतील, आणि त्यानं हे आज पहिल्यांदा वाचलं. मला वाटलं आता तो रडणार. पण त्याची नजर पुढच्या कंसावर गेली आणि तो नुसता गोठला. मीही पाहिलं.

कंसात होतं: रामकिसन, २०२२.

"फुडं?" साळूबाई म्हणाली. "कुणी सांगितलं त्ये लिव्हलंय का?"

"लिव्हलंय," सुदर्शन म्हणाला. मग म्हणाला, "साळूबाई, दोन हजार बावीस."

साळूबाईचा चेहरा असा उजळला की मी मान खाली घातली. तिनं पुस्तक आपल्याकडे ओढलं आणि तर्जनी पुढं केली. "कुठं? बोट ठिव माझं त्येच्यावर."

मला अजूनही वाटतं, त्या वेळी तो म्हणू शकला असता, थांब आत्या, चुकलंय. काहीही म्हणू शकला असता. त्यानं तिचं बोट धरलं आणि पानावर नाव म्हणून दाखवता येईल असा एकच शब्द होता, त्यावर ठेवलं. ती त्या शब्दावरून बोट हळूहळू डावीकडून उजवीकडे घेऊन गेली. पुन्हा एकदा नेलं.

"ह्येच का?"

"ह्येच, आत्या."

"व्हय," ती म्हणाली. "कळलं." मग ती उठली आणि चहा टाकायला आत गेली. चहात साखर पडलीच नव्हती. आम्ही दोघांनी तो तसाच प्यायला.

गंगापूरच्या स्टँडवर येईपर्यंत मी दम धरला. तिथं मात्र विचारलं, "काय वाचून दाखवलंस तू तिला?"

"तुम्ही पाहिलं?"

"डोळे आहेत मला."

त्यानं पिशवी मांडीवर घेतली आणि तिच्या बंदाशी चाळा करत बसला. एसटी लागली तरी उठेना. मीच दंडाला धरून उठवलं.

दुसऱ्या दिवशी त्यानं फाइल उघडली आणि मला बोलावलं. काय झालं ते त्याला कळलं होतं. झोटेरोत आडनावाला आणि नावाला वेगळे रकाने असतात, ते एकेक करून भरायचे. हा रोज पोरांना हेच बजावायचा. पण घाई होती, म्हणून बायकांची यादी त्यानं नीट न लावता एकगठ्ठा चढवली. असं एकगठ्ठा नाव आलं की शेवटचा शब्द आडनाव धरला जातो. यादीतला शेवटचा शब्द म्हणजे नवरा. मग ह्यानं बटण दाबलं आणि प्रत्येक बाईच्या तोंडच्या बोलण्याखाली तिच्या नवऱ्याचं नाव येऊन बसलं. मनकर्णाबाईच्या बाळंतपणाखाली पुंजाराम. द्वारकाबाईच्या दुखऱ्या कमरेखाली कारभारी. आणि मागच्या सूचीत तर बायका अक्षरापुरत्याच उरल्या होत्या: रामकिसन, प. सा. त्यातला सा. म्हणजे साळूबाई.

"गाईडनी पाहिलं, परीक्षकांनी पाहिलं, दीपमालानं पाहिलं," मी म्हटलं. "मी बांधताना पाहिलं. कुणाला कसं दिसलं नाही?"

मला माझं उत्तर सापडलं होतं. कंसात पुरुषाचं नाव असलं की कुणालाच खटकत नाही, ते तिथं शोभूनच दिसतं. माझ्या पाटीवरच्या शिवमसारखं.

दीपमालाला सांगायला त्यानं तिला फोन केला आणि फोनवर सांगितलंच नाही, नुसतं या म्हणाला. ती वैजापूरहून आली. त्यानं स्क्रीन तिच्याकडे वळवला. तिनं चार-पाच पानं पाहिली, मग मागची सूची वरपासून खालपर्यंत पाहिली.

"दादा," ती शेवटी म्हणाली, "मी ह्या बायकांसाठी सरांशी भांडले. क्रमांक नको, नाव पाहिजे म्हणून. क्रमांक दिला असता तर निदान तो त्यांचा स्वतःचा असता."

सुदर्शन म्हणाला, "चूक माझी हाय, मॅडम."

"सही माझी आहे त्यावर," ती म्हणाली. ती ओरडली नाही, आणि तेच त्याला सोसवेना. ती ओरडली असती तर त्याला बरं वाटलं असतं, असं तो मला नंतर म्हणाला. दीपमालानं दुरुस्तीसाठी विद्यापीठाकडे अर्ज केला. तो अर्ज अजून आतच पडून आहे. थेसिस नेटवर चढलेला आहे आणि दोन पोरांनी आपल्या लेखात 'रामकिसन' म्हणून त्यातला उतारा घेतलाही आहे. सुदर्शनला हे कळलं तेव्हा तो दुपारपासून शटर ओढून आत बसला.

मग त्यानं काम सुरू केलं. ह्या वेळी यादी चढवली नाही. एकेक बाई हातानं भरली, आडनाव इथं, नाव इथं, आणि नवऱ्याचं नाव कुठंच नाही. छाटलेली वाक्यं परत घातली. आणि प्रत्येक उतारा वाचला. भिंतीपलीकडून की-बोर्डचा आवाज यायचा, मग बराच वेळ काहीच नाही. मी डोकावले तर हा डोळे पुसत असायचा. एकदा म्हणाला, "ताई, मला वाटायचं मी पोरांचे थेसिस सुधारतो. मी तर खाने भरत होतो नुसते." मला त्याची दया आली, आणि राग गेला होता असंही नाही.

लोकांना आधी आडनाव, मग नाव अशी हाक मारायची त्याची ती तऱ्हा त्या दिवसांत बंद पडली. मला तो नुसतं ताई म्हणू लागला. तनुजानं मला फोन करून विचारलं, "ह्यांना काय झालंय? मला नुसतं तनुजा म्हणतात. आजारी आहेत का?"

नवी प्रत घेऊन तो माझ्याकडे आला. "तसंच लाल कापड, ताई. तशीच दोरी."

"म्हणजे?"

"बदलून आणतो. ती शेतात गेली की जुनं उचलायचं, हे ठेवायचं. तिला वाचता येत नाय. तिला कशाला कळायला पाहिजे? उगं काळजाला घरं पडतील तिच्या."

मी हातातली कातर खाली ठेवली. "सुदर्शन, मी बांधणी करते, चोरीला हात लावत नाही. पुस्तक बदलशील. तिचं बोट धरून तू जिथं ठेवलंस, ते कसं बदलशील? आणि काळीज तिचं वाचवतोयस की तोंड तुझं?"

तो रागावून निघून गेला. दोन दिवस आमचा चहा वेगवेगळा आला. तिसऱ्या दिवशी येऊन म्हणाला, "बांधा. सांगतो तिला. पण तुम्ही चला." मी बांधलं. कापड तेच वापरलं, दोरी मात्र मुद्दाम हिरवी घातली, म्हणजे दोन पुस्तकं एकसारखी दिसायला नकोत.

साळूबाईनं पुन्हा घोंगडी टाकली. जुनं पुस्तक भिंतीतल्या कोनाड्यात होतं, स्वच्छ फडक्यात गुंडाळलेलं. सुदर्शन घोंगडीवर बसला नाही, खाली जमिनीवर बसला. बराच वेळ त्यानं उसाचं विचारलं, विहिरीचं विचारलं, शेजारच्या म्हशीचंही विचारलं. मी एकदा खाकरले.

"आत्या," तो म्हणाला. "त्या पुस्तकात तुझं नाव नव्हतं. माझ्या हातून चुकलं. आन् मी तुला खोटं वाचून दाखवलं."

"म्हायीत हाय," साळूबाई म्हणाली.

तो बघत राहिला. "कुणी सांगितलं? कुणी वाचलं?"

"कोण वाचतंय इथं." तिनं डाव्या हाताची पट्टी सोडायला घेतली. गाठ जुनी होती, दातांनी ओढावी लागली. पट्टीखालची कातडी पांढुरकी पडली होती आणि त्यावर हिरवी अक्षरं होती, वय झालं तशी पसरलेली, तरी वाचता येतील अशी. रामकिसन.

"लग्नाच्या साली जत्रंत गोंदून घेतलं," ती म्हणाली. "लई हौस व्हती. मला साळा नाय, अक्षर येत नाय. पर ह्यो एक शब्द मी चुकत नाय. रेशनकार्डावर दिसला की कळतो. कागदावर दिसला की कळतो. तू माझं बोट धरून त्येच्यावरच ठिवलंस."

सुदर्शननं दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"मग तू बोलली का नाय?" त्याचा आवाज हातांतून आला.

"काय बोलू? भाकरीचं वाचताना तुझा आवाज फुटला. पोरगं आधीच अर्धं झालंय, म्हटलं, आता ऱ्हाऊ दे." ती पट्टीची घडी घालत होती. "पर एक सांगते. त्यो सोडून गेला तवा मी रडले नाय. त्या दिवशी तुम्ही गेल्यावर रडले. त्येच्या नावाचं नाय. तू माझं बोट धरलंवतंस आन् तुझा हात थरथरत नव्हता, त्येचं."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी ते पुसलंही नाही. मग सुदर्शननं नवं पुस्तक पिशवीतून काढलं, हिरव्या दोरीचं पान उघडलं आणि तिच्यापुढं ठेवलं. "आता नीट केलंय, आत्या. ह्यात तू हायेस. बोट दे, दाखवतो."

साळूबाईनं बोट पुढं केलं नाही. ती पानाकडे बघत होती, एका ओळीवरून दुसऱ्या ओळीवर, शोधल्यासारखी. हातावरचा शब्द तिथं नव्हता, एवढं तिला कळलं असावं. पुढं काय आहे ते मात्र तिला कळत नव्हतं.

"माझं नाव कसं दिसतं, त्ये मला ठावं नाय," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. "त्येचंच तेवढं वळखता येतं. आता तू म्हणशील ही साळूबाई. मी कशावरून धरू?"

सुदर्शननं पुढं केलेला हात मागं घेतला.

तिनं पुस्तक उचललं, त्याच्या पुढून माझ्याकडे सरकवलं आणि माझा हात धरून आपलं बोट माझ्या बोटांत दिलं.

"बाई," ती म्हणाली, "तू वाच."